टाळ, ऑर्गन आणि हलगी : मराठी ख्रिस्ती मंडळीच्या सामूहिक कलेचा आढावा

मराठी ख्रिस्ती मंडळीने देवाची स्तुती कोणत्या चालीत, कोणत्या वाद्यांवर आणि कुणाच्या तोंडून करावी, हा वाद निदान चारशे वर्षांचा आहे. गोव्यात तो पुराणाच्या निमित्ताने सुरू झाला, अहमदनगरात कीर्तनाच्या निमित्ताने रंगला, पुढे चित्रांवरून पेटला आणि कॅथलिकांची मराठी मिस्सा (पवित्र उपासना) सुरू झाली तेव्हा पुन्हा वर आला. आज कीबोर्ड आणि ड्रमपॅडच्या खरेदीचा विषय निघाला की चर्चच्या कमिटीत तोच वाद नव्याने होतो.

बहुतेक लेखनात हा वाद देशी विरुद्ध विदेशी असा मांडलेला आढळतो. ती मांडणी चुकीची नाही, पण तिच्यातून एक गोष्ट निसटते. उपासनेतली कला एकट्याची नसते. गीत लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, पेटी धरणारा तिसरा आणि पुढे शंभर-दोनशे माणसे ते म्हणणारी. म्हणून या आढाव्यात प्रत्येक टप्प्यावर मी एक साधी चौकशी केली आहे : या रूपाने किती जणांना सामावून घेतले आणि कुणाला दाराबाहेर ठेवले?

पुराण आणि सोल्फा

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे उरलेले आयुष्य मुख्यतः तिथल्या साष्टीत गेले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आदिपुराण आणि देवपुराण असे दोन भाग. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे, म्हणजे नावे न उरलेल्या नकलनविसांमुळे. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो संपादून पुन्हा छापला. देवनागरीतली एक जुनी प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडली.

स्टीफन्स यांच्या मराठीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी निवडलेली ऐकण्याची पद्धत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, पण संध्याकाळी एकत्र बसून पुराण ऐकण्याची सवय काही काढून घेता आली नव्हती. स्टीफन्स यांनी ती रिकामी जागा ओळखली. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे, कळत नसेल तिथे विचारायचे. खुद्द ग्रंथातही श्रोते प्रश्न विचारतात आणि वक्ता उत्तर देतो. १६२९ मध्ये एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचे संत पेत्रावरचे पुराण छापायला गेले. म्हणजे स्टीफन्स यांचा प्रयोग एकट्याच्या हौसेचा राहिला नव्हता.

पण राजसत्तेचा कल हळूहळू उलट होत गेला. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने लग्नकार्यातल्या अनेक देशी चालीरीती आणि गाणी बंद करायला सांगितली. दुसरीकडे, त्याच काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य स्वरपद्धती) आणि व्हायोलिन शिकवत होते. ही संगीतशिक्षणाची गोष्ट हलक्याने घेऊ नये. शेतकऱ्याचा मुलगा स्वरलिपी वाचू लागला. गोव्याच्या उपासकाळातली मोतेत ही बहुस्वरी गाणी याच शाळांतून आली, आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकर वादक-संयोजकांची परंपराही इथलीच. एकीकडे ओवीचा आवाज दाबला गेला आणि दुसरीकडे हजारो हातांत वाद्य आले. या काळाबद्दल एका शब्दात निकाल देणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

नगरचे कीर्तन

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. सुरुवातीची बरीचशी गीते इंग्रजी वृत्तांत बसवलेली होती. शब्द मराठी, पण आघात इंग्रजी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची. खेड्यातल्या माणसाला ते गाणे पाठ व्हायचे, पण जात्यावर किंवा मोटेवर असताना सहज तोंडात यायचे नाही.

हे ओळखणाऱ्यांपैकी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव आधी घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ख्रिस्ती कथानकांवर कीर्तने रचली आणि गावोगाव केली. कीर्तनात एक कीर्तनकार उभा असला, तरी ते एकट्याचे काम नसते. मागे टाळकरी हवेत, पेटी-तबला हवा, आणि ध्रुपद उचलायला समोरचा समाज हवा. समोरच्यांनी ध्रुपद उचलले नाही, तर कीर्तन पडते. प्रवचन ऐकणारा गप्प बसू शकतो, कीर्तन ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्याच सुमारास, १८८० च्या आसपास, मुंबईच्या बेने इस्राएल या ज्यू समाजानेही आपल्या धर्मकथांवर मराठी कीर्तने सुरू केली. कीर्तन हा मराठी माणसाचा बोलण्याचा एक घाट होता. ते कुण्या एका धर्माच्या खासगी मालकीचे आहे असे त्या काळच्या ज्यू कीर्तनकारांना वाटले नाही.

या पायावर नारायण वामन टिळक उभे राहिले. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून आणि नगरच्या मंडळीतून त्यांची भजने-अभंग पसरले आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या रचनांनी व्यापला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील, अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तो टिकला असता तर काय झाले असते, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. काहींना त्यात मराठी ख्रिस्ती धर्माची स्वतःची दिशा दिसते, तर काहींना वाटते की एका तेजस्वी माणसाभोवती जमलेला मेळा त्याच्यामागे विखुरणारच होता.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यातले बहुतेक अध्याय लिहून ते पुरे केले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि जिने नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे वेगळे राहून मग स्वतःच्या मनाने ख्रिस्ताचा स्वीकार केला, तिने नवऱ्याचे महाकाव्य पूर्ण करावे, याहून ‘मिळून केलेल्या’ कलेचे मोठे उदाहरण मला मराठीत ठाऊक नाही. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या तेजात ‘ख्रिस्तायन’ झाकले गेले आणि लक्ष्मीबाईंच्या त्या कामाची गणना ‘टिळकांचे काव्य’ म्हणूनच होत राहिली.

केडगावचा छापखाना

याच काळात केडगावला पंडिता रमाबाई दुसऱ्या वाटेने चालल्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब देशभर फिरून पुराणे सांगत असे, म्हणजे पुराण-कीर्तनाची कला रमाबाईंच्या घरचीच होती. तरी बायबलचे भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द बाजूला ठेवले आणि खेड्यातल्या, नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी धरली. टिळकांना भक्तिपरंपरेचा शब्द पूल वाटत होता. रमाबाईंना त्याच शब्दांमागचे शास्त्र आणि त्या शास्त्राने बाईला दिलेली वागणूक दिसत होती. दोघांच्या या निवडींतला फरक समजून घेतल्याशिवाय आजचा वादही नीट कळत नाही.

रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात हे बायबल छापण्याचे कामही तिथल्या बायका-मुलींनीच केले : खिळे जुळवणे, छपाई, बांधणी. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली धर्मग्रंथाचे पान न् पान हाताने घडवत होत्या. १९०५ मध्ये तिथे आत्मिक जागृतीची लाट आली, तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी आपापल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कलेच्या इतिहासात छापखान्याला आणि त्या प्रार्थनेला जागा देत नाहीत. माझ्या मते ती द्यायला हवी.

साडीतली मरिया

चित्रकलेत हा प्रश्न आंजेलो द फोन्सेका यांच्या निमित्ताने ऐरणीवर आला. १९०२ मध्ये गोव्यातल्या सांतु एस्तेव्ह बेटावर जन्मलेले फोन्सेका मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी काढलेली साडीतली, सावळी मरिया तिथल्या कॅथलिक समाजातल्या अनेकांना सहन झाली नाही. ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काम करू लागले. हा संघ अँग्लिकन. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये त्याची सुरुवात केली होती, आणि टिळकांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच लिहिले. एका कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो दुसऱ्या पंथाच्या आश्रमात, ही नोंद मुद्दाम करावीशी वाटते. फोन्सेका १९६७ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहे. मुंबईत फादर हेन्री हेरास यांनी या शैलीला पाठबळ दिले आणि आंजेला त्रिंदाद यांनीही त्याच दिशेने काम केले.

इथे एक अडचण मान्य करावी लागते. कीर्तनात समाज ध्रुपद उचलतो, चित्रापुढे तो फक्त उभा राहतो. बंगाल शैलीतली ही मरिया गावच्या चर्चमध्ये फारशी पोहोचली नाही. तिथे अजून युरोपीय छापाच्या तसबिरी आहेत आणि लोकांचा जीव त्यांच्यावर आहे. गावात सर्वांच्या हाताची चित्रकला पाहायची तर वसईत नाताळचे गोठे पाहावेत : पेंढा, माती, बांबू, दिव्यांच्या माळा, आणि मध्यरात्रीपर्यंत राबणारी आळीतली सगळी पोरे.

१९६३ नंतर

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात लोकांच्या पूर्ण, जाणत्या आणि सक्रिय सहभागावर भर होता, लोकभाषेला वाव होता, स्थानिक संगीतपरंपरांना योग्य स्थान देण्याची सूचना होती. पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही परवानगी होती. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले. अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रोक्श भारतीय नृत्य आणि संगीतातून ख्रिस्तकथा मांडत होतेच. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा सूचनांना संमती दिली : मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, समई, आरती, झग्याऐवजी शाल.

वसईत लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली तेव्हा गीते हवी होती आणि ती लवकर हवी होती. धर्मगुरू, शिक्षक आणि प्रापंचिक मिळून ती तयार करत गेले. ‘सुवार्ता’ मासिकाने वसईच्या या कॅथलिक समाजाला लिहिते केले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घरोघरी गेले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याआधी ८७ वर्षे, १९३३ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांनी मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते.

आजच्या भूमिका

एक पक्ष टिळकांचा वारसा सांगतो. भजन, अभंग, ओवी ही मराठी माणसाच्या हृदयाची भाषा आहे. तिच्यावाचून ख्रिस्ती धर्म इथे पाहुणाच राहील, असे त्याचे म्हणणे.

दुसरा पक्ष म्हणतो की ऑर्गनवरची चार आवाजांतली गीतेही आता आमचीच आहेत. पाच पिढ्यांची लग्ने, बाप्तिस्मे आणि दफने त्या चालींवर झाली. आजीच्या शेवटच्या घटकेला म्हटलेले गीत विदेशी कसे म्हणायचे? याच पक्षातल्या काहींची शंका अर्थाची आहे : आरती, अवतार, दर्शन या शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही आत येतात आणि विश्वासाची वाक्ये धूसर होतात. ही शंका प्रामाणिक आहे. रमाबाईंनाही ती काही अंशी होती.

तिसरा आक्षेप हिंदू समाजातल्या काहींचा आहे. समई, भगवी वस्त्रे, आश्रम ही चिन्हे धर्मांतराच्या सोयीसाठी उसनी घेतली जातात, असे ते म्हणतात. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर लिहिलेल्या पुस्तकात हा आरोप सविस्तर आहे. त्यावर ख्रिस्ती अभ्यासकांचे उत्तर असे की मराठी ही ख्रिस्ती माणसाचीही मातृभाषा आहे, म्हणून तिचे घाट त्याला उसने घ्यावे लागत नाहीत. ओवी आणि कीर्तन यांच्याबाबत हे उत्तर मला पटते. पूजाविधीतल्या वस्तूंबाबत ते तेवढे सहज लागू होत नाही, आणि तिथे अधिक संवादाची गरज आहे.

चौथी भूमिका दलित ख्रिस्ती विचारवंतांची. सगळ्यात अस्वस्थ करणारी तीच आहे. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येविषयी व्याख्यान दिले आणि दलित ईश्वरविद्येची मांडणी पुढे आली. भारतीय ख्रिस्ती विचार आजवर वरच्या जातींच्या ग्रंथांशी आणि चिन्हांशीच बोलत आला, असे तिचे म्हणणे. ही कसोटी मराठी मंडळीला लावली की प्रश्न उभा राहतो. नगर, जालना, मराठवाडा इथले बहुसंख्य प्रोटेस्टंट पूर्वीच्या महार-मांग समाजांतून आले. त्यांच्या घरी हलगी होती, डफ होता, शाहिरी होती, तमाशाचा फड होता. मग ‘देशी’ म्हणून मंडळीत आले ते कीर्तन आणि राग, आणि हलगी मात्र वेशीबाहेरच का राहिली?

याला दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की अभंग केवळ वरच्या जातींचा कधीच नव्हता. चोखामेळ्याचा अभंग तेवढाच अभंग आहे, आणि वारकरी भजनात टाळ कुणाच्याही हातात असतो. दुसरे उत्तर हलगीच्या इतिहासातून येते. गावकीचे काम म्हणून, जातीच्या सक्तीने वाद्य वाजवायला लागणे हा अपमान होता. ते खाली ठेवणे हे स्वाभिमानाचे पाऊल होते, आणि आंबेडकरी चळवळीनेही गावकीची अशी कामे नाकारली. म्हणून काही वडीलधारी माणसे आजही हलगीला चर्चमध्ये घ्यायला तयार नाहीत. तरुण मात्र ती अभिमानाने गळ्यात अडकवतात. दोघांचेही कारण एकच, स्वाभिमान, आणि निर्णय उलटे. हा पेच बाहेरच्या कुणी सोडवू नये.

पाचवी भूमिका वादात फारशी उतरत नाही, कारण तिची माणसे वाजवण्यात गुंतलेली असतात. कीबोर्ड, गिटार, प्रोजेक्टरवर शब्द, हिंदी-मराठी मिसळलेली नवी गीते. स्टेज मोठे झाले आणि समाज प्रेक्षक झाला, ही यावरची तक्रार रास्त आहे. पण याच गटांत विशीतल्या मुली पुढे उभ्या राहून उपासना चालवतात, पोरे स्वतःचे शब्द लिहितात. जुन्या गायनवृंदात किती वेळा नवे गीत लिहिले गेले, हेही प्रामाणिकपणे विचारावे.

न सुटलेले

साहित्याच्या बाजूने बरेच काम झाले आहे. प्रियोळकर, पिंगे या अभ्यासकांचे संशोधन आणि गंगाधर मोरजे यांचा ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ यांमुळे शब्दांचा इतिहास हाताशी आहे. चालींचा तसा नाही. गीतसंग्रहात गीताच्या डोक्यावर चाल लिहिलेली असते, पण ज्या गाण्याची ती चाल तेच गाणे आता कुणाला येत नाही, अशी वेळ अनेक ठिकाणी आली आहे. शब्द छापील राहिले आणि सूर माणसांबरोबर गेले.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मराठी माणसे एकमेकांची गीते फार कमी म्हणतात. वसईच्या मुलाला टिळकांची भजने ठाऊक नसतात आणि नगरच्या मुलाला वसईची गीते. मोबाइलने ही भिंत थोडी पाडली आहे, संस्थांनी अजून नाही. गीत कुणाचे हा प्रश्नही उघडाच आहे. ज्या गीताला कवी आहे त्याला चालकार नसतो, आणि चालकाराचे नाव असले तरी तबलजीचे नसते. तो तबलजी अनेकदा शेजारच्या गल्लीतला हिंदू किंवा मुसलमान असतो, वर्षानुवर्षे दर रविवारी येतो, आणि मंडळीच्या इतिहासात त्याची एक ओळही नसते. बायकांनी रचलेल्या ओव्या आणि लग्नगीते, विशेषतः वसईच्या सामवेदी बोलीतली, चर्चच्या दारापर्यंत येतात आणि थांबतात. ती मिस्सेत यावीत की घरातच शोभतात, यावर त्या बायकांचे मत कुणी सहसा विचारलेले नाही.

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक मंडळीला एक विनंती. तुमच्यातल्या ज्या वृद्ध माणसाला जुन्या चाली येतात, त्याला या नाताळच्या आधी गाठा. फोनवर त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करा आणि एका वहीत गीत लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याचे, पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांचे अशी सगळी नावे उतरवून ठेवा. मग त्या वहीची एक प्रत शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चला द्या.